बंद पडलेला संघ आणि त्यानंतरचे आइसलँड

एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या सरांनी मला विचारले आहे : "आइसलँडची लोकसंख्या चार लाखांनाही पोहोचत नाही, तरी त्यांच्या महिला फुटबॉल संघाने जर्मनीला ३-० असे हरवले. या संघाचा इतिहास काय आहे? आणि हे सगळे तिथल्या छपराखालच्या बंदिस्त मैदानांमुळे झाले असे सांगितले जाते, ते कितपत खरे?" मी गेली बावीस वर्षे कोल्हापूर परिसरात मुलींना फुटबॉल शिकवते आहे. या देशाच्या संघाकडे मी आधी कुतूहलाने आणि पुढे धंद्याच्या गरजेपोटी लक्ष देत आले, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

आधी आकार लक्षात घ्यावा. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती. आइसलँड हा अख्खा देश त्याहून लहान आहे, आणि महिलांचा राष्ट्रीय संघ पहिला सामना खेळला तेव्हा, म्हणजे १९८१ मध्ये, तिथली वस्ती जेमतेम सव्वादोन लाखांच्या आसपास होती. एवढ्या माणसांत फुटबॉल खेळण्याच्या वयाच्या मुली किती, त्यांतल्या खेळणाऱ्या किती आणि आंतरराष्ट्रीय दर्जाच्या किती, हा हिशोब मांडला की एक गोष्ट उघड होते : अशा देशाला एकही मुलगी वाया घालवणे परवडत नाही. या संघाचा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. मुली कधी वाया गेल्या आणि कधी गेल्या नाहीत, एवढे पाहिले तरी बरेच कळते. बंदिस्त मैदानांचा भाग त्यात आहे, पण बराच नंतर येतो.

आइसलँडमध्ये महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९७२ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय संघ त्यानंतर नऊ वर्षांनी उभा राहिला आणि २० सप्टेंबर १९८१ रोजी स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथे यजमानांकडून २-३ असा हरला. पहिल्याच सामन्यात, परक्या मैदानावर, एका गोलाने हरणे हे अपयश म्हणता येणार नाही. पुढच्याच वर्षी युरोपीय महिला स्पर्धेची पहिली पात्रता फेरी झाली. त्यात आइसलँड स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांच्या गटात होता. नॉर्वेशी एक बरोबरी, बाकी पराभव, अशी त्याची कमाई झाली. त्या गटातून पुढे गेलेला स्वीडन १९८४ मध्ये युरोपचा विजेता ठरला, हे लक्षात घेतले तर ती बरोबरीही हलकी नव्हती.

या काळाविषयी बोलताना अनेकजण आइसलँडच्या स्त्री-चळवळीचा दाखला देतात. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या जवळजवळ नव्वद टक्के स्त्रियांनी कचेरीतले आणि घरातले काम एक दिवस बंद ठेवले होते, आणि १९८० मध्ये विग्दीस फिन्बोगादोत्तिर या निवडणुकीतून राष्ट्राध्यक्षपदावर आलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यामुळे महिला फुटबॉल ही त्याच झाडाची फांदी आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मीही पूर्वी तसेच समजत होते. पण पुढे जे घडले ते या गोड समजुतीत बसत नाही. १९८७ नंतर फुटबॉल संघटनेने महिलांचा राष्ट्रीय संघ चक्क बंद केला आणि तो १९९२ पर्यंत मैदानात उतरला नाही. या संपूर्ण काळात राष्ट्राध्यक्ष एक स्त्रीच होत्या. देशाचे सर्वोच्च पद स्त्रीकडे असतानाही एका संघटनेच्या अंदाजपत्रकातली महिलांच्या संघाची ओळ खोडली जाऊ शकते, हे आपल्याकडच्या क्रीडा संघटनांच्या बैठकांत बसलेल्या कुणालाही नवलाचे वाटणार नाही.

या पाच वर्षांची किंमत नेमकी कोणी मोजली, हे पाहायचे तर वांदा सिगुर्गेर्सदोत्तिर यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १९६५ चा. १९८५ मध्ये त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि संघ बंद पडला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा सत्तावीसच्या. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन भराची वर्षे राष्ट्रीय संघाच्या वेळापत्रकात कोरी राहिली. त्या परत आल्या, कर्णधार झाल्या, पुढे संघाच्या प्रशिक्षकही झाल्या. पण त्यांच्या पिढीतल्या किती जणी परत आल्या नसतील, याची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही. आमच्या क्षेत्रात मुलगी खेळ सोडते ती बहुधा दुखापतीमुळे सोडत नाही. पुढचा सामना कधी आहे, हे कुणी सांगू शकत नाही, तेव्हा ती सोडते. माझ्या स्वतःच्या गटातील एक चांगली गोलरक्षक दोन हंगाम लागोपाठ जिल्ह्याची स्पर्धा भरलीच नाही म्हणून घरी बसली, आणि स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिचे लग्न झालेले होते.

मग आइसलँडमध्ये ही गळती संपूर्ण का झाली नाही? याचे उत्तर क्लबांमध्ये आहे. तिथे गावागणिक क्लब असतो, आणि मुलगे व मुली त्याच क्लबाच्या, त्याच रंगाच्या कपड्यांत खेळतात. मुलींसाठी वेगळी संस्था काढायची, तिला मैदान मिळवायचे, मग स्पर्धा शोधायची, असा द्राविडी प्राणायाम त्यांना करावा लागत नाही. राजधानी रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुर या गावातील ब्रेदाब्लिक क्लब १९८५ पासून दर उन्हाळ्यात लहान मुलींची स्पर्धा भरवत आला आहे. राष्ट्रीय संघ बंद असतानाही ही स्पर्धा चालूच राहिली. आज तिथे पाच ते बारा वर्षांच्या हजारो मुली तीन-चार दिवस खेळतात. वरचा मजला पाडला गेला तरी पाया कुणी उकरला नाही, असे मी याचे वर्णन करीन. ब्रेदाब्लिकने महिलांच्या साखळीची विजेतेपदे इतर कोणत्याही क्लबापेक्षा अधिक वेळा मिळवली आहेत, याचा संबंध त्या स्पर्धेशी जोडायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

पुनरुज्जीवित संघाने फार वाट पाहायला लावली नाही. १९९५ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत नेदरलँड्स आणि ग्रीस यांना मागे टाकून आइसलँड शेवटच्या आठांत पोहोचला आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडशी झालेले दोन्ही सामने १-२ अशा सारख्याच फरकाने हरला. त्या काळी मुख्य फेरीत चारच संघ जात असत. तीन वर्षांपूर्वी जो संघ अस्तित्वातच नव्हता, तो युरोपातल्या पहिल्या आठांत होता. पुढची दहा वर्षे मात्र दाराशी जाऊन परत येण्याची ठरली. एप्रिल २००० मध्ये जगज्जेत्या अमेरिकेने त्यांना ८-० असे धुतले. तो आजवरचा सर्वांत मोठा पराभव आहे. पण त्याच दौऱ्यातला दुसरा सामना तीन दिवसांनी ०-० असा सुटला, हे सहसा कुणी सांगत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये विश्वचषकाच्या पात्रतेसाठी इंग्लंडशी घरी २-२ अशी बरोबरी झाली आणि बर्मिंगहॅममध्ये ०-१ असा पराभव झाला. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्वेने घरच्याच सामन्यात ७-२ असे हरवून युरोपीय स्पर्धेचे दार बंद केले.

याच दरम्यान, जून २००३ मध्ये, हंगेरीविरुद्ध सोळा वर्षांची एक मुलगी बदली खेळाडू म्हणून उतरली आणि काही मिनिटांतच तिने गोल केला. ती मार्ग्रेट लाउरा विदार्सदोत्तिर. ती वेस्टमान बेटांवरची. जेमतेम चार हजारांच्या आसपास वस्ती असलेली आणि १९७३ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे एका रात्रीत रिकामी करावी लागलेली ही बेटे आहेत. २०१९ मध्ये ती थांबली तेव्हा तिच्या नावावर १२४ सामन्यांत ७९ गोल होते. पुरुष व महिला दोन्ही संघ धरले तरी आइसलँडसाठी एवढे गोल कुणीच केलेले नाहीत. २००७ मध्ये वालुर क्लबासाठी एका साखळी हंगामात तिने ३८ गोल केले आणि त्या वर्षी ती देशाची सर्वोत्तम क्रीडापटू ठरली. तिच्या मांडीच्या स्नायूंचे जुने दुखणे कारकिर्दीत वर्षानुवर्षे चालले, ही गोष्ट मी माझ्या मुलींना मुद्दाम सांगते, कारण ७९ हा आकडा ऐकून त्यांना वाटते की हिला कधी काही लागलेच नसावे.

वालुरची त्या वेळची प्रशिक्षक एलिसाबेत गुन्नार्सदोत्तिर होती. २००४ ते २००८ या पाच वर्षांत तिने त्या क्लबाला चार विजेतेपदे मिळवून दिली, नंतर स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड या क्लबात पंधरा वर्षे काढली, तिथे अनेक आइसलँडिक खेळाडूंना जागा करून दिली, आणि २०२५ च्या आरंभी बेल्जियमच्या राष्ट्रीय महिला संघाची सूत्रे हाती घेतली. लहान देश खेळाडू निर्यात करतो हे सर्वांना माहीत असते, पण हा देश प्रशिक्षकही निर्यात करतो. स्वीडन आणि नॉर्वेच्या साखळी स्पर्धांत जाऊन दर आठवड्याला चांगल्या दर्जाचा सामना खेळणे हाच या संघाचा खरा सराव झाला. काहीजणी अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे वळल्या. दाग्नी ब्रिन्यार्सदोत्तिर ही त्यांतली एक. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघातून २०१४ मध्ये तिने तिथले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

नावांविषयी एक छोटे विषयांतर करते. सामना पाहताना विद्यार्थी हमखास विचारतात की या सगळ्या बहिणी आहेत का. 'दोत्तिर' म्हणजे मुलगी. विदार्सदोत्तिर म्हणजे विदारची मुलगी. आपण मधले नाव वडिलांचे लावतो, तसे ते शेवटी लावतात आणि आडनाव असे बहुतेकांना नसतेच. त्यामुळे पुढे संघाची कर्णधार झालेली सारा गुन्नार्सदोत्तिर आणि प्रशिक्षक एलिसाबेत गुन्नार्सदोत्तिर यांचे नाते असेलच असे नाही, आणि त्यांच्या देशात दोघींना पहिल्या नावानेच ओळखतात.

२००७ मध्ये सिगुर्दुर राग्नार एयोल्फ्सोन यांच्याकडे संघ आला. ते त्याआधीपासून फुटबॉल संघटनेत प्रशिक्षकांच्या शिक्षणाचे काम पाहत होते, आणि माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत कमी चर्चिली गेलेली नेमणूक आहे. आइसलँडमध्ये लहान मुलांना शिकवणारा प्रशिक्षकही मानधन घेतो आणि युरोपीय फुटबॉल संघटनेच्या परवान्याचा अभ्यासक्रम केलेला असतो. गावातल्या हौशी पालकाच्या हाती शिट्टी देऊन काम भागवले जात नाही. हा अभ्यासक्रम ज्याने गावोगाव पोहोचवला, तोच माणूस राष्ट्रीय संघाला मिळाला, म्हणजे क्लबांत काय शिकवले जाते आणि राष्ट्रीय संघाला काय हवे, या दोन गोष्टी एका डोक्यात होत्या. त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्सला रेक्याविकमध्ये १-० असे हरवले, गोल मार्ग्रेट लाउराचा. त्याच आठवड्यात सर्बियाविरुद्ध ५-० असा विजय मिळवला तेव्हा जवळपास सहा हजार लोक मैदानात होते. देशाच्या वस्तीशी ताडून पाहिले, तर कोल्हापुरात दहा-अकरा हजार लोक एका महिला सामन्याला यावेत तसे ते होते.

पात्रतेचा निर्णय आयर्लंडविरुद्धच्या दोन सामन्यांवर आला. डब्लिनमध्ये १-१. परतीचा सामना ३० ऑक्टोबर २००८ रोजी रेक्याविकच्या लाउगार्दाल मैदानावर गोठलेल्या हिरवळीवर झाला आणि आइसलँडने तो ३-० असा जिंकला. त्याच ऑक्टोबरात देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या होत्या आणि वर्तमानपत्रांत दुसरे काही छापून येत नव्हते. त्या थंडीत, त्या बर्फाळ जमिनीवर आयरिश खेळाडू घसरत होत्या आणि यजमान खेळाडूंना मात्र अशा जमिनीची सवय होती. इतक्या खराब मैदानावर सामना घ्यावा का, हा वादाचा मुद्दा आहेच, आणि आयरिश पक्षाची तक्रार मला अन्यायाची वाटत नाही. पण निकाल निकाल असतो. आइसलँडचा महिला संघ २००९ च्या फिनलंडमधील युरोपीय स्पर्धेत पोहोचला. पुरुषांच्या संघाला कोणत्याही मोठ्या स्पर्धेचे तोंड पाहायला त्यानंतर सात वर्षे लागली. २०१६ मध्ये जगाने पुरुषांच्या संघाचे कौतुक 'पहिल्यांदाच' म्हणून केले, तेव्हा तिथल्या महिला दोन युरोपीय स्पर्धा खेळून बसल्या होत्या.

इथे तुमच्या बंदिस्त मैदानांच्या प्रश्नाकडे येते. आइसलँडमधले पूर्ण आकाराचे पहिले बंदिस्त मैदान २००० मध्ये केफ्लाविकजवळ सुरू झाले. २००९ च्या संघाची कर्णधार काट्रीन योन्सदोत्तिर ही व्यवसायाने डॉक्टर आणि जन्माने १९७७ ची होती. मार्ग्रेट लाउरा १९८६ ची. म्हणजे पहिल्यांदा पात्र ठरलेला संघ मुख्यतः उघड्यावर, हिवाळ्यात खडीच्या मैदानांवर आणि शाळेच्या लाकडी जमिनीवर घडलेला होता. छपराखालच्या मैदानाने त्यांना तयार केले, हे सांगणे काळाच्या हिशोबात बसत नाही. त्यांना घडवले ते क्लब, शिकलेले प्रशिक्षक आणि १९९२ नंतर न तुटलेले सामन्यांचे वेळापत्रक यांनी. छपराचा फायदा पुढच्या पिढीला झाला, आणि तो फार मोठा झाला, हेही तितकेच खरे आहे. आजची वेगवान आघाडीवीर स्वेन्दिस जेन योन्सदोत्तिर २००१ मध्ये जन्मली ती त्याच केफ्लाविकमध्ये. ती चालायला लागली तेव्हा गावातले बंदिस्त मैदान तयार होते.

फिनलंडमध्ये तिन्ही सामने गेले : फ्रान्सकडून १-३, नॉर्वेकडून ०-१, जर्मनीकडून ०-१. जर्मनीने ती स्पर्धा जिंकली, तेव्हा एका गोलाचा पराभव पत्करायला हरकत नव्हती. चार वर्षांनी स्वीडनमध्ये मात्र संघ परिपक्व होता. नॉर्वेशी मार्ग्रेट लाउराच्या शेवटच्या टप्प्यातील पेनल्टीवर १-१ अशी बरोबरी, जर्मनीकडून ०-३ असा पराभव आणि वेक्श्यो येथे नेदरलँड्सवर दाग्नीच्या गोलाने १-० असा विजय. मोठ्या स्पर्धेतला हा त्यांचा पहिला विजय होता आणि तो त्यांना उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेला. तिथे यजमान स्वीडनने ४-० असे हरवले. युरोपीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतील तेवढी मजल त्यांना पुन्हा मारता आलेली नाही.

२०१७ च्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत आठपैकी सात सामने जिंकताना त्यांनी फक्त दोन गोल स्वीकारले. त्या उन्हाळ्यात ब्राझीलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्याला साडेसात हजार प्रेक्षक होते. आणि मग नेदरलँड्समधील मुख्य फेरीत फ्रान्सकडून अखेरच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर ०-१, स्वित्झर्लंडकडून १-२ आणि ऑस्ट्रियाकडून ०-३. अपेक्षा वाढल्यानंतरचे हे अपयश बोचले. पण तीनच महिन्यांत, २० ऑक्टोबर २०१७ रोजी, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑलिंपिक विजेत्या जर्मनीला त्यांनी वीसबाडेनमध्ये ३-२ असे हरवले. दाग्नीचे दोन गोल आणि एलिन मेत्ता येन्सनचा एक. माझ्या दृष्टीने हा त्यांचा सर्वांत मोठा विजय आहे, २०२४ च्या ३-० पेक्षाही, कारण तो जर्मनीत मिळवला होता.

त्यापुढची गोष्ट सांगताना मला अजूनही चुटपुट लागते. १ सप्टेंबर २०१८ रोजी जर्मनी रेक्याविकला आला, तिकिटे संपली होती, आणि आइसलँड जिंकला असता तर थेट विश्वचषकात गेला असता. ०-२. तीन दिवसांनी चेक प्रजासत्ताकाविरुद्ध विजय मिळाला असता तर प्ले-ऑफची, म्हणजे उरलेल्या जागेसाठीच्या निर्णायक लढतीची, संधी तरी राहिली असती. गुणफलक १-१, भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली, ती घ्यायला कर्णधार सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर पुढे आली आणि गोलरक्षकाने ती अडवली. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, उट्रेख्ट येथे नेदरलँड्सविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती. ९० मिनिटे ०-० राखली आणि ९३ व्या मिनिटाला एस्मे ब्रुख्त्सचा गोल झाला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालविरुद्ध एका सामन्याचा प्ले-ऑफ होता. एक खेळाडू लाल कार्डाने बाहेर गेलेली असतानाही ग्लोदिस पेर्ला विग्गोस्दोत्तिरने बरोबरी साधली, पण जादा वेळेत संघ दमला आणि १-४ असा हरला. आइसलँडच्या महिला २०२३ पर्यंतच्या एकाही विश्वचषकात खेळू शकल्या नाहीत. लहान देशात अकरा चांगल्या खेळाडू उभ्या करता येतात. बाराव्या आणि तेराव्या क्रमांकावर कोण, हा प्रश्न सुटणे अवघड असते, आणि १२० मिनिटांच्या सामन्यात तोच प्रश्न समोर येतो.

या दोन निराशांच्या मध्ये इंग्लंडमधील २०२२ ची युरोपीय स्पर्धा झाली, आणि ती या संघाच्या नशिबाचा अजब नमुना आहे. बेल्जियमशी १-१, इटलीशी १-१, फ्रान्सशी १-१. एकही सामना न हरता संघ बाहेर पडला. फ्रान्सने पहिल्याच मिनिटात गोल केला होता आणि दाग्नीने भरपाई वेळेच्या बाराव्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी साधली, पण तोवर दुसऱ्या मैदानावर बेल्जियमने इटलीला हरवलेले होते. पहिले दोन सामने मँचेस्टर सिटीच्या सराव संकुलातील, पाच हजारांहून कमी प्रेक्षक मावतील अशा मैदानावर ठेवले होते. सारा ब्यर्कने त्याआधीच या निवडीवर जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती, आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

सारा ब्यर्कविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिची कारकीर्द मैदानापुरती राहिली नाही. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आलेली ही मधल्या फळीची खेळाडू १४५ सामने खेळली. ऑगस्ट २०२० मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लियों या फ्रेंच क्लबासाठी, स्वतःच्या आधीच्या वोल्फ्सबुर्ग या जर्मन क्लबाविरुद्ध, तिने ३-१ असा शिक्कामोर्तब करणारा गोल केला. २०२१ मध्ये ती गरोदर राहिली, आणि त्या काळातले पूर्ण वेतन लियोंने दिले नाही म्हणून ती फिफाच्या न्यायाधिकरणाकडे गेली. निकाल तिच्या बाजूने लागला. क्लबाला ८२ हजार युरोंहून अधिक रक्कम व्याजासह द्यावी लागली. गरोदरपणातील संरक्षणाचे फिफाचे नियम २०२१ च्या आरंभीच लागू झाले होते, पण कागदावरचा नियम पैशात उतरतो हे जगभरच्या खेळाडूंना तिच्या प्रकरणातून कळले. माझ्याकडच्या विवाहित खेळाडूंना मी तिचे गोल दाखवत नाही, हा निकाल वाचून दाखवते.

संघटनेच्या पातळीवरही दोन गोष्टी नोंदण्याजोग्या आहेत. २०१८ च्या आरंभी संघटनेने पात्रता सामन्यांतील कामगिरीसाठीचे मानधन पुरुष आणि महिला दोघांना सारखे केले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, पुरुष खेळाडूंवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची हाताळणी नीट झाली नाही म्हणून, अध्यक्षांपाठोपाठ संपूर्ण कार्यकारिणीला पायउतार व्हावे लागले. ऑक्टोबरमध्ये नवा अध्यक्ष निवडायचा होता, तेव्हा निवड झाली ती वांदा सिगुर्गेर्सदोत्तिर यांची. ज्या संघटनेने त्यांचा संघ त्यांच्या ऐन उमेदीत बंद केला होता, तिच्याच त्या अध्यक्ष झाल्या. युरोपातील राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. २०२४ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

आता तुम्ही उल्लेख केलेला सामना. १२ जुलै २०२४ रोजी, लाउगार्दाल मैदानावर, प्रशिक्षक थोर्स्टेन हाल्दोर्सोन यांच्या संघाने जर्मनीला ३-० असे हरवून २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. त्याच जर्मनीने पुढच्या महिन्यात पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, म्हणजे प्रतिस्पर्धी ढासळलेला नव्हता. इंगिब्यर्ग सिगुर्दार्दोत्तिर, आलेक्सांद्रा योहान्सदोत्तिर आणि स्वेन्दिस यांनी गोल केले. बचावफळीत ग्लोदिस होती. ती बायर्न म्युनिकची कर्णधार आणि त्या वर्षीची आइसलँडची सर्वोत्तम क्रीडापटू. मुख्य स्पर्धेत मात्र स्वित्झर्लंडमध्ये जुनेच घडले. फिनलंडविरुद्ध एक खेळाडू लाल कार्डाने गेली, ग्लोदिस आजारपणामुळे मध्यंतरानंतर उतरू शकली नाही आणि सामना ०-१ असा हातचा गेला. यजमानांकडून ०-२ आणि नॉर्वेकडून ३-४ अशा पराभवांनंतर संघ घरी परतला. एकटी ग्लोदिस बाहेर बसली की बचावाची घडी विस्कटते, हे त्या फिनलंडच्या सामन्यात जितके स्पष्ट दिसले तितके दुसरीकडे कुठे दिसले नसेल.

तुमच्या महाविद्यालयातील मुलींना एखादा सामना दाखवायचा असेल, तर तो ३-० चा अवश्य दाखवा, पण गोलांपेक्षा जर्मन बचावपटूंकडे चेंडू असतानाची मिनिटे दाखवा. स्वेन्दिस आणि तिच्या शेजारच्या दोघी कोणत्या क्षणी धावत सुटतात, कोणत्या क्षणी थांबतात, आणि तिघींपैकी एकीचे चुकले तर चौथी कुठे उभी असते, एवढेच वहीत टिपायला सांगा. हे शिकवायला छपराचे मैदान लागत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो, तेव्हा मी हा सराव शाळेच्या व्हरांड्यात, चार-चार मुलींच्या गटांत घेते. लागतो तो फक्त पुढच्या सामन्याचा दिवस. तो आधी ठरवून फळ्यावर लिहून ठेवा.